बोनेट बाबा आणि लाल गाडीचा बेल्ट

नोएडातल्या एका परदेशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपच्या काउंटरवर मी बावीस वर्षं उभा होतो, आणि त्यातली बरीचशी वर्षं चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांना तोंडाने गाडी वाजवताना ऐकण्यात गेली. माझं पद सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचं. गाडी घेऊन आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकायचं, ते मेकॅनिकला समजेल असं जॉब कार्डावर लिहायचं, आणि मेकॅनिकने काय केलं ते संध्याकाळी मालकाला समजेल असं सांगायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "पहले कुईंऽऽ करती है, फिर खट, फिर थोड़ा घुर्रर्र." मी गंभीर चेहऱ्याने विचारायचो, "घुर्रर्र ब्रेक मारने पर, या बिना मारे?" एक बँक मॅनेजर बायको आणि दोन मुलांना घेऊन आले होते, कारण गाडीत चार आवाज होते आणि त्यांना एकट्याला ते जमेनात. चौघांनी मिळून रिसेप्शनमध्ये गाडी वाजवली. दोन आवाज बेअरिंगचे होते, एक सायलेन्सरच्या पत्र्याचा, आणि चौथा धाकट्याने आपल्या मनाने घातला होता.

मी मूळचा साताऱ्याचा. डिप्लोमा केला, पुण्यात थोडी उमेदवारी केली आणि परदेशी कंपन्यांच्या गाड्या देशात यायला लागल्या त्या सुमाराला दिल्लीत येऊन पडलो. त्याआधी दिल्लीकराला गाड्या माहीत होत्या दोन-तीन प्रकारच्या. त्या कशा बिघडतात हे मालकाला माहीत, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला माहीत आणि शेजाऱ्यालाही माहीत. नव्या गाड्यांचं बोनेट उघडलं की आत प्लास्टिकचं झाकण. मिस्त्री त्या झाकणाकडे बघून डोकं खाजवायचा. त्यात नोएडा-गुडगावकडे नवे पगार आले होते, आणि नव्या पगाराची माणसं जुन्या पण झोकदार गाड्या घ्यायला लागली होती. सल्ला द्यायला कोणी नव्हतं. मग घरोघरी इंटरनेट आलं आणि सल्ला द्यायला सगळं जग हजर झालं.

लोक छापील कागदांच्या चळती घेऊन काउंटरवर यायला लागले. गुडगावच्या एका साहेबांनी जून महिन्यात गाडीत बर्फाळ देशातलं पातळ तेल घातलं होतं, कारण तिकडच्या कोणीतरी 'याच्याशिवाय दुसरं घालूच नये' असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या अंगणात कंबरभर बर्फ होतं, हे साहेबांनी वाचलं नव्हतं. दुसऱ्या एका गृहस्थांच्या गाडीत वळणावर मागून 'गडड् धप्प' असा आवाज यायचा. त्यांनी इंटरनेटवर विचारलं. अकरा जणांनी अकरा भाग बदलायला सांगितले, आणि त्यांनी त्यातले तीन बदललेसुद्धा. मी डिकी उघडली, चटई उचलली, तर स्टेपनीच्या खळग्यात गाडीच्या पूजेचा नारळ. ते गृहस्थ म्हणाले, "भाईसाहब, यह तो किसी ने लिखा ही नहीं था."

ह्या प्रकाराला वैतागूनच मी त्या गाडीवाल्यांच्या फोरमवर शिरलो. फोरम म्हणजे इंटरनेटवरचा पार. एकाने प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी बसल्या जागी उत्तरं द्यायची. कंपनीचा सक्त नियम होता की कर्मचाऱ्याने बाहेर कोणालाही तांत्रिक सल्ला द्यायचा नाही. दिला तर घरी बसा. म्हणून मी टोपणनाव घेतलं, बोनेट बाबा. सकाळी कामावर जायच्या आधी, चहाच्या कपाबरोबर, मी दोन-चार उत्तरं टाकायचो. उत्तरं खरी असायची, कारण दिवसभर त्याच गाड्या माझ्यासमोर उघड्या पडलेल्या असायच्या. वर्षभरात माझी अशी कीर्ती झाली की लोक प्रश्नाच्या वर 'बाबाजी प्रणाम' लिहू लागले. माझी बायको सुनंदा म्हणायची, "जगाच्या गाड्या चालल्यात. घरचा मिक्सर दिवाळीपासून बंद आहे." पण खोटं कशाला सांगू, मला मजा यायची. काउंटरवर मला लोक 'ओ भैया' म्हणत आणि तिथे बाबाजी.

खानविलकरसाहेब मला भेटले ते ह्या भरात.

दत्तात्रय खानविलकर, केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त. सगळी नोकरी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढलेली, आता मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट. आयुष्यभर एकच स्कूटर वापरली, तीही नंबर लावून मिळालेली. आणि ह्या माणसाने निवृत्तीनंतर एक लाल, दोन दारांची, बसकी, डुरकणारी स्पोर्ट्स गाडी घेतली. एका दूतावासातला अधिकारी बदली होऊन मायदेशी चालला होता, त्याची. दहा वर्षांची गाडी, फार कमी चाललेली. ही गाडी देशात आमच्या कंपनीने कधी विकलीच नव्हती, त्यामुळे दिल्लीत तशी दुसरी बघायला मिळणं मुश्कील. "मोहिते," मला ते म्हणाले, "पस्तीस वर्षं ऑफिसची खिडकी चाणक्यपुरीच्या, दूतावासांकडच्या रस्त्यावर होती हो. फार बघितल्या अशा गाड्या जाताना."

त्यांच्या पत्नी मालतीबाई गाडीत बसायला तयार नव्हत्या. "भाजी घेतानासुद्धा मला विचारणारा माणूस," त्या म्हणत, "गाडी घेताना विचारत नाही, म्हणजे काय समजायचं मी?" आठ महिने त्या गाडीला हात न लावता राहिल्या. भाजीला जायचं तर रिक्षा करायच्या, आणि साहेब लाल गाडी घेऊन रिक्षाच्या मागून जायचे.

साहेब दर महिन्याला वर्कशॉपमध्ये यायचे आणि बरोबर फाइल आणायचे. खरी फाइल. पुठ्ठ्याची, लाल नाड्यांची. डाव्या बाजूला हिरव्या कागदावर टिपणी, उजव्या बाजूला कागदपत्रं. सरकारी पद्धतच तशी असते. खालच्याने टिपणी लिहायची, वरच्याने 'सहमत' म्हणून सही करायची, त्याच्या वरच्याने त्याखाली सही करायची. सह्या पुरेशा झाल्या की निर्णय होतो, आणि मग तो चुकला तरी कोणा एकाचा नसतो. साहेबांनी गाडीचा कारभार तसाच चालवला होता. त्यांना टायपिंग येत नव्हतं म्हणून फोरमवर ते स्वतः काही लिहीत नसत, फक्त वाचत, छापून आणत आणि फायलीला लावत. कागदांना 'क', 'ख', 'ग' अशा चिठ्ठ्या. विषय : 'मागील टायरमधील हवेबाबत.' बाजूने नऊ, विरुद्ध दोन, तटस्थ एक. निर्णय : मान्य.

मला हे सगळं फार गोड वाटायचं. माझीच उत्तरं छापील स्वरूपात माझ्याकडे परत यायची आणि साहेब बोटाने दाखवायचे, "हे बघा, बोनेट बाबांचं मत. हा मनुष्य विद्वान आहे. तुम्ही कंपनीवाले असं कधी सांगणार नाही." मी "अच्छा" म्हणून मान डोलवायचो आणि मनातल्या मनात कॉलर ताठ करायचो.

मग एके दिवशी त्यांनी सांगितलं, बायको तयार झाली. लग्नाच्या वाढदिवसाला गंगेवर जायची तिची इच्छा होती, हरिद्वारला. ती म्हणाली, चला, तुमच्या गाडीने. "पंधरा दिवसांनी, रविवारी," साहेब म्हणाले. चेहरा असा की जणू पहिल्यांदाच तिला मागणी घालून आलेत. "गाडी एकदा नीट बघून ठेवा. वाटेत बंद पडली तर ती पुन्हा आयुष्यात बसायची नाही."

मी स्वतः गाडी बघायला घेतली. आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण जरा सैल केलं तर आत मला रबर दिसलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. इंजिनात दोन गोष्टी अगदी एका तालात चालाव्या लागतात : खालवर होणारे दट्टे आणि उघडझाप करणाऱ्या झडपा. हा ताल काही गाड्यांत लोखंडी चेन सांभाळते, काहींत दातेरी रबरी पट्टा, ज्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. चेन सहसा गाडीच्या जन्माला पुरते. बेल्ट मात्र ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी चालो न चालो, कारण रबर नुसतं बसूनही म्हातारं होतं. आणि अशा इंजिनात तो धावत्या गाडीत तुटला तर दट्टे जाऊन झडपांवर आदळतात. मग इंजिन भंगारात.

आता ह्याच गाडीबद्दल वर्षभरापूर्वी कोणीतरी फोरमवर विचारलं होतं की बेल्ट कधी बदलायचा. बोनेट बाबांनी चहाचा घोट घेऊन उत्तर दिलं होतं : 'ह्यात बेल्ट नाही, चेन आहे. आयुष्यभर हात लावू नये. जो बदलायला सांगेल तो लुटारू समजावा.' ह्याच नावाची चार दारांची घरगुती गाडी आमच्याकडे रोज यायची आणि तिच्यात चेन होती. दोन दारांच्या झोकदार गाडीला कंपनीने वेगळं इंजिन बसवलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी ती गाडी तोवर पाहिलीसुद्धा नव्हती.

मी लगबगीने रिसेप्शनमध्ये गेलो आणि म्हणालो, "साहेब, टायमिंग बेल्ट बदलायला लागेल. दहा वर्षांचा आहे."

साहेब हसले. समजूतदार हसणं होतं ते. त्यांनी फाइल उघडली. विषय : 'टायमिंग चेन/बेल्टबाबत.' उजव्या बाजूला एकोणीस कागद. "बोनेट बाबांचं स्पष्ट मत आहे, आणि अठरा जण सहमत आहेत. विरुद्ध शून्य." मी कागद चाळले. अठराच्या अठरा जणांनी माझंच वाक्य उचललं होतं. कोणी 'मेरे अनुभव में' असं पुढे जोडलं होतं, कोणी 'मेरे चाचा का गैराज है' असं. लुटारू मात्र सगळ्यांनी तसाच ठेवला होता.

"साहेब, हे अठरा जण नाहीत. हा एकच माणूस आहे."

"मोहिते, मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्यावर वरून दबाव असणार. पण निर्णय झालेला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोरमवर दुरुस्ती टाकली. 'माझी चूक झाली. दोन दारांच्या गाडीत बेल्ट आहे. ताबडतोब तपासा.' दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस. 'बाबाजी बिक गए.' 'किसी ने बाबाजी का अकाउंट हैक कर लिया है.' 'असली बाबाजी ऐसा कभी नहीं लिखते.' दोन दिवसांनी साहेबांचा फोन, "मोहिते, बाबांच्या नावाने कोणीतरी खोटं लिहिलंय. मी टिपणी केली. पूर्वीचा निर्णय कायम."

आपल्याच नावाला हरवता येत नाही, ह्याचं मला हसू येत होतं. सुनंदाला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. "आता बाबाजींनाच प्रणाम करा," म्हणाली.

शनिवारी मात्र एक निरोप आला आणि हसू गेलं. कानपूरचा कोणी तरुण डॉक्टर होता. त्याने अशीच जुनी लाल गाडी हौसेने घेतली होती. लिहिलं होतं, 'सर, बेल्ट पिछले हफ्ते चलते-चलते टूट गया. इंजन गया. आपका मैसेज आज देखा. आप परेशान न हों, आपने तो अच्छे मन से ही बताया था.' शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी ते चार-पाच वेळा वाचलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. त्याला मी पत्रावर पत्रं लिहिली, माझ्या ओळखीने कानपुरात चांगला मिस्त्री गाठून दिला, पण ते इंजिन काही परत उभं राहिलं नाही.

रविवारी सकाळी मी मयूर विहारला जाऊन थडकलो. हरिद्वारला जायला आठ दिवस उरले होते. मालतीकाकूंनी पोहे पुढे ठेवले. मी बशी हातात घेतली आणि म्हणालो, "साहेब, बोनेट बाबा मीच आहे."

खानविलकरसाहेब चटकन खुर्चीतून उठून उभे राहिले. निव्वळ आदराने. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण रागवायला हवं, आणि ते परत बसले.

"पुरावा?" ते म्हणाले.

"विचारा काहीही."

त्यांनी फाइल मांडीवर घेतली आणि माझी तोंडी परीक्षा सुरू केली. क्लचबद्दल बाबांचं मत काय? रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालण्यावर बाबांनी कोणाला झापलं होतं? मी धडाधड सांगत गेलो. सातव्या उत्तराला त्यांनी फाइल मिटली. 

"म्हणजे मी जे एकोणीस कागद लावले..."

"ते मीच एकटा होतो साहेब. आणि मी गाडी न बघता लिहिलं होतं."

"न बघता?" त्यांना हे सगळ्यात जास्त लागलं. "अहो, आमच्याकडे सुद्धा निदान खालचा माणूस तरी फाइल वाचायचा."

ते उठले, कोरा कागद आणि पेन घेऊन आले. "लेखी द्या. खऱ्या नावाने, हुद्द्यासकट." तो कागद आमच्या जनरल मॅनेजरच्या हाती पडला असता तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली असती, आणि माझ्या दोन मुली शाळेत होत्या.  पण कानपूरचा तो निरोप छापून खिशात ठेवला होता. मी लिहिलं, सही केली, खाली हुद्दा घातला. साहेबांनी ते दोनदा वाचलं, तारीख टाकायला लावली आणि फायलीला लावायला घेतलं.

इतका वेळ काकू दारात उभ्या होत्या. आठ महिने त्या गाडीला हात न लावलेली बाई. त्या पुढे आल्या.

"अहो, कागदाने काय होणार आहे?" त्या म्हणाल्या. "एकोणीस कागद होते ना आधी? त्यातला एक तरी माणूस आपल्याबरोबर गाडीत बसणार होता का?" मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बेल्ट बदला आणि रविवारी तुम्ही पण चला हरिद्वारला. मागे बसा. मग मी बसेन."

"काकू, मागची सीट म्हणजे नुसती नावाला आहे. तिथे जास्तीत जास्त दोन पिशव्या..."

"मावाल. बिल्कुल मावाल."

बेल्ट मुंबईहून मागवावा लागला. गुरुवारी आला आणि मी तो स्वतःच्या हाताने बसवला, साहेबांना शेजारी उभं करून. जुना बेल्ट काढून त्यांच्या हातात दिला. वरून ठीक दिसत होता. उलटा वाकवला तर वहाणेच्या जुन्या पट्ट्यासारख्या आडव्या चिरा, आणि एका ठिकाणी ओळीने तीन दाते मुळापासून सुटत आलेले. साहेब त्यावरून बोट फिरवत राहिले.

"कुठवर गेला असता हा?"

"सांगता येत नाही. कदाचित मेरठ. कदाचित तुमच्या सोसायटीचं गेट."

"आणि ती शेजारी बसलेली असती," ते म्हणाले, आणि तिथे पडलेल्या एका टायरवर बसले. मी पाणी आणून दिलं.

त्यांनी माझं पत्र कोणाला दाखवलं नाही. मीही फोरमवर राहिलो, पण समोर न पाहिलेल्या गाडीबद्दल 'मला माहीत नाही' असं लिहायला लागलो. तीन महिन्यांत बाबांची सगळी कीर्ती उतरली. लोकांना माहीत नसणारा बाबा नको असतो.

तर त्या रविवारी सकाळी मी लाल गाडीच्या मागच्या सीटवर चढलो. चढलो म्हणजे, पुढची सीट दुमडून आधी डोकं, मग एक गुडघा, मग बाकीचा मोहिते असा आत गेलो. गुडघे हनुवटीला, मान छताला, मांडीवर काकूंचा फराळाचा डबा. काकू नवी साडी नेसून पुढे बसल्या, दार लावलं, पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिल्या. साहेबांनी खिडकीतून सोसायटीच्या गेटवरच्या गणपतीला नमस्कार केला आणि गाडी काढली.

गाझियाबादपर्यंत साहेब ताशी वीसने चालवत होते. ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून जात होते, आणि एका सायकलवाल्याने बराच वेळ बरोबरीने येऊन गाडी आतून बाहेरून बघून घेतली. मी मात्र कान लावून बसलो होतो. हजारो गाड्यांचे आवाज ऐकले असतील मी, पण सगळे गाडीच्या बाहेर उभं राहून. आत बसून, पुढे दोन माणसांची डोकी बघत, तो आवाज वेगळाच ऐकू येतो.  मेरठ आलं आणि गेलं. इंजिन आपल्या तालात होतं. माझे पाय कधीच बधिर झाले होते.

मेरठच्या पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना ऊस. काकूंनी हळूच काच खाली केली. वाऱ्याने त्यांचा पदर उडाला तो त्यांनी खोचून घेतला आणि पहिल्यांदाच साहेबांकडे वळून बघितलं.

"काय हो," त्या म्हणाल्या, "ही एवढीच पळते का? एवढ्यासाठी घेतलीत?"

साहेबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांना माझं उत्तर हवं होतं, आणि ते घाईत नव्हते. मी आणखी एकदा इंजिनाला कान दिला.

"पळवा साहेब," मी म्हणालो, आणि फराळाचा डबा पोटाशी घट्ट धरला.